लिनक्स हवं, म्हणून घरचं विंडोज कशाला पुसायचं?

संपादक महोदय,

सत्र सुरू झालं की अमळनेर-चोपड्याकडची पोरं लॅपटॉप घेऊन दुरुस्तीच्या दुकानात उभी राहतात. एका महाविद्यालयात सांगितलेलं असतं : प्रकल्प लिनक्सवरच (विंडोजसारखी, पण वेगळी संगणक प्रणाली) करायचा, लॅपटॉपवर टाकून घ्या, नाहीतर लॅबमध्ये नंबर लावा. घरात लॅपटॉप एकच. त्यावरच वडिलांचा केळीच्या गाड्यांचा हिशेब आणि ताईचा स्पर्धा परीक्षेचा अभ्यास. दुकानदार पैसे घेतो आणि बऱ्याचदा सगळं पुसूनच देतो.

मी संगणक कक्षातच नोकरी करून निवृत्त झालो, म्हणून स्पष्ट लिहितो : याची गरज नाही. क्यूजीआयएस (नकाशांचं सॉफ्टवेअर) किंवा ऑक्टेव्ह (गणिती आकडेमोडीचं) लॅबमधल्या लिनक्स यंत्रावरच चालू द्यावं, त्याची खिडकी तेवढी विद्यार्थ्याच्या विंडोजवर उघडावी. ही सोय आजची नाही. ही खिडकी उघडून देणारी एक्स विंडो प्रणाली अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात 1984 साली सुरू झाली आणि आज वापरात असलेली तिची अकरावी आवृत्ती (एक्स11) 1987 ची आहे. प्रोग्राम एका यंत्रावर आणि पडदा दुसऱ्यावर, यासाठीच ती रचलेली आहे.

विंडोजवर व्हीसीएक्सएसआरव्ही (एक्सच्या खिडक्या दाखवणारं) आणि पुटी (लॅबच्या यंत्राशी जोडून देणारं) ही दोन फुकट सॉफ्टवेअरं टाकायची. पुटीच्या एसएसएच (दूरच्या यंत्राशी सुरक्षित जोडणी) विभागात एक्स11 फॉरवर्डिंगवर (तिकडची खिडकी इकडे पाठवायची सोय) टिक करायची, लॉगिन करून प्रोग्रामचं नाव टाइप करायचं, झालं. लॅबच्या यंत्रावर एसएसएचच्या सेटिंगमध्ये हेच फॉरवर्डिंग चालू हवं आणि एक्सऑथ (खिडकी उघडायच्या परवानगीची किल्ली सांभाळणारा छोटा प्रोग्राम) बसवलेलं हवं. विंडोज 11 असेल आणि मेमरी बऱ्यापैकी असेल, तर डब्ल्यूएसएलमधूनही (विंडोजच्या आतच लिनक्स चालवायची सोय) हे जमतं. नेटवरचे काही सल्लागार व्हीसीएक्सएसआरव्हीतलं प्रवेश-नियंत्रण (कोणाला आपल्या पडद्यावर येऊ द्यायचं याची तपासणी) बंद करायला सांगतात. ते करू नये. सगळी ये-जा एसएसएचच्या आतूनच होते, मग दार सताड उघडं कशाला ठेवायचं?

कॉलेजच्या नेटवर्कवर हे झकास चालतं. गावाकडून मोबाइलच्या नेटवर मात्र रखडतं, कारण एक मेनू उघडायचा तरी दोन्ही यंत्रांमध्ये कितीतरी वेळा विचारपूस होते. शिवाय संपर्क तुटला की प्रोग्राम बंद, न साठवलेलं काम गेलं. आमच्याकडे लाइट गेली की राउटरही जातो, हे मी सांगायला नको. त्यासाठी एक्सटूगो हे दूरच्या यंत्रावर काम करायचं सॉफ्टवेअर बरं. ते ही देवाणघेवाण आटोपशीर करतं आणि लाइन गेली तरी काम लॅबच्या यंत्रावर तसंच चालू राहतं. लाइट आली की पुन्हा जोडून घ्यायचं. अर्थात लॅबच्या यंत्राला यूपीएस हवा, आणि बाहेरून येणाऱ्यांसाठी व्हीपीएन (कॉलेजच्या नेटवर्कमध्ये शिरायची सुरक्षित वाट). एसएसएचचं पोर्ट (जोडणीचं दार) साध्या पासवर्डवर उघडं टाकणं म्हणजे चोराला आमंत्रण.

गेल्या उन्हाळ्यात शेजारचा एक पोरगा विचारत होता, ‘काका, हाई आमना लॅपटॉपवर चालस का?’ लॅपटॉप जुनाच, मेमरी चार जीबी. चालला, कारण जड काम लॅबचं यंत्र करत होतं.

खानदेशातल्या महाविद्यालयांनी प्रत्येक विद्यार्थ्याला लॅबच्या यंत्रावर खातं उघडून द्यावं, सुट्टीत ते यंत्र बंद करू नये, आणि वर लिहिलेली कृती मराठीत छापून लॅबच्या दाराला लावावी. खर्च म्हणाल तर एका कागदाचा.

आपला,
एक निवृत्त संगणक कक्ष कर्मचारी,
अमळनेर, जि. जळगाव