वाजवले कोणी, तेही छापा

महोदय,

पाश्चात्त्य अभिजात संगीतावरच्या रविवार पुरवणीतील लेखात नवख्या श्रोत्याला सल्ला दिला आहे, की स्वस्तातल्या सीडी घ्या, नाहीतर मोबाइलवर मिळेल ते ऐका. शोपाँसारखा संगीतकार घेतला, तर शोपाँ तो शोपाँच, वाजवणारा कोण याची सुरुवातीला फिकीर नको. पैशांपुरता सल्ला पटला, पुढचा मात्र अजिबात नाही. याच बेफिकिरीवर काही लोकांनी आपली दुकाने चालवली आहेत.

इंग्लंडमध्ये स्वस्त एलपींचा बाजार उभा राहिला, तेव्हा विल्यम बॅरिंग्टन-कूप नावाचे गृहस्थ त्यात होते. त्यांच्या एका तबकडीवर वाद्यवृंदाच्या संचालकाचे नाव होते विल्हेल्म हॅवगेस. आडनाव इंग्रजीत मोठ्याने म्हणून पाहा, ‘हॅव अ गेस’, म्हणजे ‘ओळखा पाहू’ असे ऐकू येते. गिऱ्हाइकाच्या तोंडावर केलेली थट्टा, आणि ती खपलीही. पुढे १९६६ मध्ये करचुकवेगिरीसाठी हे गृहस्थ तुरुंगात गेले, पण त्यांची मोठी करामत अजून व्हायची होती.

त्यांची पत्नी जॉयस हॅटो पियानोवादक होती. १९७० च्या दशकात तिने मैफली थांबवल्या. नंतर नवऱ्याच्या कंपनीतून तिच्या नावाने शंभराहून अधिक सीडी निघाल्या. लिस्ट, शोपाँ, रखमानिनोव्ह, सगळेच संगीतकार. कर्करोगाशी झुंजत वृद्ध बाई हे वाजवते आहे म्हणून समीक्षक भारावले. २००६ मध्ये ती वारली आणि फेब्रुवारी २००७ मध्ये भांडे फुटले. न्यूयॉर्कजवळच्या एका श्रोत्याने तिची लिस्टच्या एत्यूदांची (सरावरचनांची) सीडी संगणकात घातली, तर संगणकाने सीडी ओळखून पडद्यावर नाव दाखवले लास्लो सिमोन, दुसऱ्याच पियानोवादकाचे! रखमानिनोव्हचे कॉन्चेर्टो, म्हणजे वाद्यवृंदासह पियानोच्या रचना, पियानोवादक येफिम ब्रॉन्फमन यांनी वाजवलेले निघाले. सीडीवरचा संचालक रेने कोलर हा माणूसच नव्हता. त्याचे हृदयद्रावक चरित्र मात्र तयार होते. कार्लो ग्रांते यांनी केलेले गोदोव्हस्की या संगीतकाराच्या रचनांचे वादन ओळखू येऊ नये म्हणून त्यातल्या काही रचनांचा वेग यंत्राने बदलला होता. शेवटी नवऱ्याने एका स्वीडिश कंपनीच्या मालकाला पत्र लिहून कबुली दिली.

त्याच सुमारास लंडनचे काही संशोधक शोपाँच्या मझुर्कांची (पोलिश नृत्याच्या चालीवरच्या रचनांची) ध्वनिमुद्रणे ठोक्याठोक्याने मोजत होते. मझुर्का तीन मात्रांचा, पण त्या मात्रा कधीच सारख्या नसतात. दुसरी किंवा तिसरी किती लांबवायची, कुठे घाई करायची, हे वाजवणारा ठरवतो आणि दोन वादकांचे गणित जुळत नाही. हॅटो आणि पियानोवादक युजीन इंजिक यांचे मात्र तंतोतंत जुळले. ‘शोपाँ तो शोपाँच’ म्हणणाऱ्यांनी यावर जरूर विचार करावा. शोपाँच्या कागदावर त्या लांबलेल्या मात्रेचे माप लिहिलेले नाही. ते इंजिक यांनी आयुष्य घालून मिळवले आणि दुसऱ्याच्या नावावर जमा झाले.

प्रत्येक वेळी ठकच लागतो असेही नाही. दिनू लिपात्ती हा रुमानियन पियानोवादक १९५० मध्ये अवघ्या तेहतिसाव्या वर्षी गेला. शोपाँच्या पहिल्या कॉन्चेर्टोचे त्याचे म्हणून एक ध्वनिमुद्रण ईएमआयसारख्या मातब्बर कंपनीने बाजारात आणले. अमेरिकेत ते सेराफिम या स्वस्त मालिकेत निघाले. वाद्यवृंद कोणता, संचालक कोण, याचा पत्ता नव्हता. तरी लोकांनी त्यात लिपात्तीचा आत्मा ऐकला. १९८१ मध्ये बीबीसीवर ते लागले आणि एका श्रोत्याने कळवले, की हे तर हालिना चेर्नी-स्तेफान्स्का यांचे! तिने ते चेक फिलहार्मोनिकबरोबर वाजवले होते. १९४९ च्या वॉर्सातील शोपाँ स्पर्धेत पहिला क्रमांक विभागून मिळवलेली ही बाई. तिच्या वादनाला हवी ती दाद मिळाली, फक्त एका मेलेल्या पुरुषाच्या नावावर. खरा लिपात्ती नंतर सापडला, झुरिचच्या मैफलीतला.

आपल्याकडच्या जुन्या गायिका यापेक्षा शहाण्या म्हणायच्या. गौहर जान गाणे संपताच तबकडीवर स्वतःचे नाव सांगत असे. कलकत्त्यात घेतलेले ध्वनिमुद्रण छापायला हॅनोव्हरला जाई आणि तिथल्या माणसांना गाणारी कोण हे कळावे, ही त्यामागची व्यवहाराची सोय. कारण काही असो, नाव गाण्यातच राहिले, कव्हर फाटले तरी.

आज कव्हरच नाही. ‘झोपेसाठी पियानो’ असल्या यादीत रचनेचे नाव दिसते, वाजवणाऱ्याचे दिसेलच असे नाही. माझ्या संग्रहात एका स्वस्त कंपनीच्या दोन सीडी आहेत. दोन्हींवर बेथोव्हनचा तोच सोनाटा, वादकांची नावे वेगळी, आणि एकाच जागी पियानोची पायपट्टी (पेडल) करकरते. कंपनीला पत्र पाठवले, उत्तर नाही.

म्हणून विनंती अशी. आपल्या सदरात एखाद्या ध्वनिमुद्रणाची शिफारस कराल, तेव्हा वादकाबरोबर संचालक, वाद्यवृंद, गाव आणि साल छापावे. एखादी ओळ जास्त जाईल. नाव बनावट असले, तरी सगळे तपशील खोटे रचणे जड जाते आणि कुठेतरी विसंगती उरते. आणि माहिती मिळतच नसेल, तर ‘वादक अज्ञात’ असे स्पष्ट लिहावे.

– एक वाचक, दादर, मुंबई