पठारावरून घरी येतेयस म्हणून

चि. सोनूस अनेक आशीर्वाद,

फोनवर बोलायचं म्हणलं तर तुझ्याकडं रेंज नसते आणि माझ्याकडं वेळ नसतो, आणि दोन्ही जमलं की तू पंधरा मिनिटं बूट वाळत नाहीत यावरच बोलतेस आणि मग कट होतो. म्हणून लिहितेय. अंगणवाडीतली पोरं आत्ताच घरी गेली, मदतनीस बाई भांडी घासायला बसल्यात. हा फोन पोषण ट्रॅकरचा, पोरांची वजनं भरायच्या सरकारी ॲपचा आहे, मराठी टाईप करताना तो मधेच स्वतःच्या मनाचं लिहितो, तेव्हा चुका पोटात घाल.

शुक्रवारी तुझं कासच्या पठारावरचं झाडं मोजायचं काम संपतंय ना. परवा पप्पांनी जेवताना विचारलं, पाच महिने पावसात राहून पोरीनं नक्की केलं काय? म्हणलं, मोजलं. काय मोजलं? म्हणलं, झाडं, बोटभर उंचीची. मग किती भरली? म्हणलं ते तिलाच विचारा. थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, तू पण बावीस वर्षं तेच करतीयस की. टोमणा होता का कौतुक ते त्यांचं त्यांना माहीत, पण मला रात्री बराच वेळ झोप लागली नाही.

सप्टेंबरात आम्ही कासला आलो होतो तेव्हाचं अजून डोळ्यासमोर आहे. सातारा सोडल्यावर घाटात पप्पांना गाडी लागली, वर आलो तर धुकं, बुकिंगच्या गेटवर ही गर्दी, आणि आत एक बाई तेरड्याच्या गुलाबी गालिच्यात फतकल मारून बसलेली, नवरा रील काढतोय. तू किती शांतपणे सांगितलंस तिला. मी असते तर ओरडले असते, पोरांवर ओरडायची सवय आहे. मला वाटलं आता तू आम्हाला ती सगळी फुलं दाखवणार, सोनकी, गेंद, तो पिवळा मिकी माऊस, सगळे ज्याच्यासाठी येतात ते. तर तू आम्हाला त्या गालिच्याच्या कडेनं चालवत नेऊन जांभ्याच्या खडकावरच्या एका डबक्यापाशी बसवलंस. वीतभर पाणी नाही आणि त्यात गवतासारखी पानं. म्हणालीस हा वायतुरा, इंग्रजी वाय सारखे दोन तुरे फुटतात म्हणून वायतुरा, आणि त्याच्या शास्त्रीय नावात आपला सातारा आहे, अपोनोजेटॉन सातारेन्सिस, १९८२ साली जगाला कळवलं त्याच्याबद्दल. म्हणजे मी शाळेत जात होते तेव्हा. आपल्याच जिल्ह्यातलं झाड आणि नाव मिळायला एवढा उशीर, आणि मिळालं ते पण जिल्ह्याचंच, जसं आमच्याकडं नवीन सून आली की तिला गावाच्या नावानंच ओळखतात. उन्हाळ्यात खडक तव्यासारखा तापतो तेव्हा त्याचा कंद खाली मातीत झोपलेला असतो म्हणालीस, आणि पाऊस पडला की उठतो. दीड-दोन इंच मातीत. माणदेशातल्या माणसाला हे सांगायला लागत नाही बाई.

आणि ते दवबिंदू. एवढंसं लाल झाड, केसांवर डिंकाचे थेंब, त्यात चिलटं अडकलेली. आणि शेजारी ती निळी-जांभळी सीतेची आसवं, दिसायला एवढी गरीब आणि मातीखाली बारीक बारीक पिशव्या लावून किडे पकडतायत. तू सांगितलंस इथल्या मातीत नत्र नाही, पावसानं सगळं धुऊन जातं, म्हणून ही झाडं किडे खातात. मी तेव्हा हसले आणि तुला वाटलं मला कळलं नाही. अगं मला सॅम-मॅमची, म्हणजे तीव्र आणि मध्यम कुपोषित पोरं आठवली. तिथली जमीनच कुपोषित, आणि ही झाडं कुणी टीएचआरची, घरी न्यायच्या आहाराची पाकिटं आणून देईल म्हणून वाट बघत बसली नाहीत, आपलं आपण पकडून खातात. हे मी सेक्टर मीटिंगला सांगितलं तर मुख्यसेविका मॅडम सोडून सगळ्या हसल्या.

कंदीलपुष्पाचं मात्र तुला सांगायचं राहिलं. तू फोटो पाठवलास ना, कड्याच्या कडेला, हिरवट कंदील लटकल्यासारखं, नळीत खाली वळलेले केस, माशी आत गेली की बाहेर येता येत नाही आणि ते केस सुकले की मग अंगाला पराग माखून सुटते. ते मी ओळखलं. फूल नव्हे, वेल ओळखला. माझं माहेर पाटणकडचं, लहानपणी गुरांमागं गेलो की आम्ही तो उकरायचो. आम्ही खरपुडी म्हणायचो. खाली बटाट्यासारखा कंद, माती पुसायची आणि तसाच खायचा, गोडसर, पाणीदार. दिवसाला चार-पाच तर सहज. तुझा मामा तर खिशात भरून आणायचा. तू सांगितलंस की तुला सगळ्या हंगामात तुझ्या तुकड्यात चौदा वेल मिळाले, आणि मी इकडं बसून हिशोब करतेय की आम्ही किती खाल्ले असतील. वाईट वाटलं का? थोडं वाटलं. पण भूक लागायची गं. तुमच्या रिपोर्टमध्ये "स्थानिक लोक कंद खणतात" असं एक वाक्य असणार ना, ते स्थानिक लोक म्हणजे मी आणि तुझा मामा, हे लक्षात ठेवून ते वाक्य लिही. कुंपणाचं आणि चराईचं पण तसंच. कुंपण घातलं, मग काढलं, गुरं बंद केली तर उंच गवत माजून बारकी झाडं दबली असं गावातले म्हणतात, त्यांना अडाणी समजू नका, गुरं वळणाऱ्याला कुठलं गवत कधी वाढतं ते पाठ असतं.

आता जे सांगायला बसले ते. ऑगस्टमधे तू रडत फोन केला होतास, आठवतंय? तुझी सात नंबरची चौकट. जुलैला त्या एक मीटरच्या पाईपच्या चौकटीत अकरा रोपं मोजली होतीस आणि ऑगस्टमधे गेलीस तर कुणाची तरी गाडी फिरलेली, नुसता चिखल, एक पण रोप नाही. आणि तू म्हणालीस आई, दोन हातांवर तसलीच भरपूर आहेत, चौकट जरा सरकवली तर कुणाला कळणार आहे. मी तुला एवढंच म्हणलं, शून्य लिही. आणि तू चिडलीस की तुला माझं दुःख कळत नाही. तेव्हा पर्यवेक्षण चालू होतं, मॅडम समोर बसलेल्या, मला पुढचं बोलता आलं नाही.

तू चौथीत होतीस त्या वर्षी निवडणुकीची बीएलओची, म्हणजे मतदार यादीची ड्युटी लागली होती, आणि त्याच महिन्यात पोलिओचा राऊंड, आणि तुझ्या कांजिण्या. मळ्याच्या वस्तीवर नऊ पोरं होती माझ्या अंगणवाडीची, चार किलोमीटर चालत, वजनाचा साल्टर काटा खांद्याला. त्या महिन्यात मी गेले नाही. घरी बसून मागच्या महिन्याच्या वजनात दोनशे-दोनशे ग्राम वाढवून नऊच्या नऊ लिहून टाकली. अंदाजपंचे. कुणी विचारलं नाही, उलट रजिस्टर पूर्ण म्हणून शाबासकी. पुढच्या महिन्यात गेले तर त्यातलं एक पोरगं, त्याला हगवण लागून गेलेली, आई ऊसतोडीला गेलेली आणि म्हातारीपाशी ठेवलेलं, दंडाला पट्टी लावली तर लाल. साडेअकरा सेंटीमीटरच्या खाली, म्हणजे तीव्र कुपोषित. आणि माझ्या ग्रोथ चार्टवर त्याची रेघ मस्त वर चाललेली. डॉक्टरांनी चार्ट बघून विचारलं, एका महिन्यात एवढं कसं उतरलं? मी काय सांगणार. महिनाभर आधी उतरायला लागलं होतं, फक्त लिहिलं नव्हतं.

पोरगं वाचलं. आता जेसीबी चालवतं, मला बघितलं की हॉर्न देतं. पण त्या हॉर्नला माझ्या पोटात अजून गोळा येतो. हे मी आजपर्यंत कुणाला सांगितलं नाही, पप्पांना पण नाही. तुला सांगतेय कारण तू त्या दिवशी शून्य लिहिलंस. रात्री मेसेज केलास, "लिहिलं शून्य, बास?" तो मेसेज मी अजून डिलीट केला नाही.

आणि तू आता म्हणतीयस की एका सीझनमधे काहीच सिद्ध झालं नाही, मग पाच महिने कशाला घालवले. एका महिन्याच्या वजनावरून मला तरी काय कळतं? एक ठिपका. दुसऱ्या महिन्याचा ठिपका पडला की मग रेघ होते. पाऊस उशिरा आला की फुलं उशिरा, मधे उघडीप पडली की डबकं आटलं, हे एका वर्षात कसं कळणार. टोपली कारवी सात वर्षांनी फुलते म्हणतेस, तर तिच्यावर काम करणारीनं काय पहिल्याच वर्षी राजीनामा द्यायचा? (सात वर्षांनी तू एकोणतीसची असशील, हे आत्या बोलायच्या आधी मीच बोलून घेते. फुलं बघायला जावई बरोबर असला तर चांगलंच, नसला तर मी येईन.)

फक्त एक कर. निघायच्या आधी पुढच्या वर्षी जी कोण पोरगी येईल तिच्यासाठी सगळं नीट लिहून ठेव. कुठला खडक, कुठून किती पावलं, जीपीएस असला तरी लिही. मला जेव्हा ही अंगणवाडी मिळाली तेव्हा आधीच्या बाईंनी कुठल्या घरात कोण राहतं ते वहीच्या मागच्या पानावर पेन्सिलीनं लिहून ठेवलं होतं, त्या एका पानावर माझं पहिलं वर्ष निघालं.

स्टायपेंडचं बोललीस का? दोन महिन्यांचं राहिलंय. लाजू नकोस, लेखी माग, मेल कर. आमचं पण मानधन दिवाळीच्या आधी येणार होतं, कुठल्या दिवाळीच्या ते सांगितलं नव्हतं. बँकेच्या परीक्षेचा फॉर्म भरायचा तर भर, मी नको म्हणत नाही, पण मोबदला नाही म्हणून सोडतेस का मन नाही म्हणून, हे नीट बघ, दोन्ही एक नाही. घरी आल्यावर आठ दिवस झोप काढ आणि मग ठरव.

रद्दी आता अजून लागणार नाही ना? झाडं दाबायला म्हणून घरातले सगळे पेपर नेलेस, रोज ओले काढून कोरडे घालायचे म्हणून अंगणवाडीतले पण नेलेस, इथं चपात्या गुंडाळायला पेपर राहिला नाही. बियांचं ते मला फार आवडलं, पाचातला एकच हिस्सा घ्यायचा आणि बाकी पठारालाच सोडायचा. आणि कागदी पाकिटातच ठेवायचं, प्लास्टिकमधे बुरशी येते, हे तुझ्या आजीला सांगितलं तर म्हणाली एवढं शिकायला साताऱ्याला कशाला गेली, बाजरीचं बी मी काय प्लास्टिकमधे ठेवते का.

शनिवारी सातारा स्टँडवरून दहिवडीची गाडी धर, पुसेगावला थांबते तिथं खाऊन घे, उपाशी येऊ नकोस. तिकडं सगळं तपकिरी पडलं असेल आता, जाताना सात नंबरपाशी एकदा जाऊन ये. बूट घरात आणायचे नाहीत, दारातच काढायचे, आणि बॅग मी उघडल्याशिवाय कॉटवर टाकायची नाही, मागच्या वेळी तिच्यातनं जळू निघाली होती आणि पप्पांनी ती गांडूळ समजून कुंडीत सोडली.

तुझी
आई

ता. क. खरपुडीचं बी पठारावरचं आणू नकोस हां, मी मागतेय असं समजून. नुसता फोटो मोठा करून आण, मामाला दाखवायचाय.