आवाजाच्या ड्रायव्हरची शंका

जळगाव,
१२ डिसेंबर

प्रिय सुनील,
सप्रेम नमस्कार.

केळीच्या पट्ट्यांचा हिशेब लिहिताना टास्क मॅनेजरमध्ये, म्हणजे चालू प्रोग्रामांच्या यादीत, ‘एचडी ऑडिओ बॅकग्राउंड प्रोसेस’ या एकाच नावाच्या दोन ओळी दिसल्या आणि दुरुस्तीवाल्याने व्हायरस ठरवून विंडोज नव्याने टाकायला सांगितले, हे तुझ्या पत्रात वाचून आधी हसू आले, मग तुझ्या हिशेबाची काळजी वाटली. दोन ओळी असणे हा दोष नव्हे. त्या ओळींमागची आरएव्हीबीजी६४ ही फाइल आवाजाच्या चिप बनवणाऱ्या रिअलटेक कंपनीच्या ड्रायव्हरची, म्हणजे आवाजाचे यंत्र चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची, आणि ती पुष्कळ संगणकांवर दोनदा चालू दिसते.

नावावर मात्र जाऊ नकोस, कारण नाव कोणत्याही फाइलला देता येते. त्या ओळीवर राइट क्लिक करून ‘ओपन फाइल लोकेशन’ निवड. सी ड्राइव्हच्या प्रोग्राम फाइल्समधला रिअलटेकचा फोल्डर उघडला तर निम्मी शंका मिटली. फाइल टेम्प (तात्पुरत्या फाइलींचा फोल्डर) किंवा डाउनलोड्समध्ये निघाली तर आधी नेट बंद कर. मग फाइलच्या प्रॉपर्टीजमधील ‘डिजिटल सिग्नेचर्स’ (फाइल कोणाची हे सांगणारी कंपनीची सही) या टॅबवर रिअलटेक सेमीकंडक्टरचे नाव शोध आणि ‘डिटेल्स’ उघडून सही वैध असल्याचे तिथे लिहिले आहे ना, तेही वाच. शेजारची ‘विंडोज ऑडिओ डिव्हाइस ग्राफ आयसोलेशन’ ही ओळ खुद्द मायक्रोसॉफ्टची, व्हिस्टापासूनची. तिची जागा विंडोजच्या सिस्टिम३२ या फोल्डरमध्येच असायला हवी.

तरीही सही म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे. २०१० मध्ये उघडकीस आलेल्या स्टक्सनेट या घातक व्हायरसच्या ड्रायव्हरवर रिअलटेकच्याच चोरलेल्या प्रमाणपत्राची सही होती, आणि २०१७ मध्ये एचपीच्या काही लॅपटॉपवरील कोनेक्झंट कंपनीचा अस्सल ऑडिओ प्रोग्रामच दाबलेली प्रत्येक कळ एका साध्या फाइलमध्ये लिहून ठेवत असल्याचे आढळले. म्हणून विंडोज सिक्युरिटी या विंडोजच्याच व्हायरस तपासनिसाकडून ती रिअलटेकची फाइल तपासून घे आणि टास्क मॅनेजरच्या नेटवर्कच्या रकान्यात तिच्यापुढे शून्य आहे ना, यावर थोडा वेळ नजर ठेव. आवाजाच्या प्रोसेसला इंटरनेटशी काय देणेघेणे?

खात्री होण्याआधी ती प्रोसेस बंदही करू नकोस. मागे मी शहाणपणा करून स्टार्टअपमधून (संगणकासोबत आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रामांतून) ती काढली, तर हेडफोनची पिन खोचलेली असूनही रात्री साडेअकराला कीर्तन स्पीकरवरून घरभर सुरू झाले आणि आईने दिवा लावून मला जाब विचारला.

फोल्डरचा आणि सहीच्या खिडकीचा फोटो पाठव. तोवर संगणक त्या दुरुस्तीवाल्याकडे देऊ नकोस, आणि द्यावाच लागला तर हिशेबाच्या फाइली आधी पेनड्राइव्हवर उतरवून घे.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
अशोक