मिक्सिंग करणाऱ्याच्या कानांना एक रात्र द्या

मा. संपादक,

दसरा, धम्मचक्र प्रवर्तन दिन जवळ आला की नागपुरातले छोटे स्टुडिओ रात्रभर चालतात. भीमगीतं, देवीची गाणी, सगळंच सकाळपर्यंत हवं असतं. इंदोऱ्यात मी मिक्सिंग करतो, म्हणजे रेकॉर्ड झालेला गळा आणि वाद्यं यांच्या आवाजांचा मेळ बसवतो, म्हणून कळकळीनं लिहितो. तासन् तास मोठ्या आवाजात ऐकून कान थकले की वरच्या पट्टीतले बारकावे आधी हरवतात. मग ते ऐकू यावेत म्हणून आपण नकळत झांज वाढवतो, गायिकेच्या 'स' अक्षराची सळसळ वाढवतो आणि तेच गाणं मंडपातल्या भोंग्यावर कानाला टोचतं.

मी स्पीकरचा आवाज इतकाच ठेवतो की शेजारच्याशी साधं बोलता यावं. कमी आवाजात खर्ज दबलेला वाटतो, हे फ्लेचर आणि मन्सन या अमेरिकी संशोधकांनी १९३३ मध्येच दाखवलं. म्हणून खर्ज तपासण्यापुरता, मिनिटभर आवाज वाढवतो. तासाभरानं बाहेर चहा, तोही मोबाइलवर काही न ऐकता.

हेडफोनवर काम करणाऱ्या पोरांची मला जास्त काळजी वाटते. कामगारांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या अमेरिकेतल्या नायोश संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलला ऐकण्याची मर्यादा दिवसाला ८ तासांची, आणि दर ३ डेसिबल वाढीला ती निम्मी होते. म्हणजे ९४ ला फक्त एक तास! कानात शिट्टी वाजत राहिली तर बाबांनो, मेडिकल कॉलेजच्या कान-नाक-घसा विभागात दाखवा.

गाणी काढणाऱ्या मंडळांना विनंती आहे: रेकॉर्डिंग आणि अंतिम मिक्स यांच्यात एक रात्र मोकळी ठेवा.

– एक ध्वनी तंत्रज्ञ, इंदोरा, नागपूर