किट झूमवर फ्लॅश लावताय? आधी अॅपर्चर फिक्स करा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पेपरात फोटोग्राफीच्या टिप्स येतात त्यात फ्लॅशबद्दल एक सल्ला हमखास असतो, की अंधार असेल तर अॅपर्चर (लेन्समधलं प्रकाश आत सोडणारं भोक) पूर्ण उघडा आणि फ्लॅश मारा. भारीतला, झूम केला तरी एफ २.८ च राहणारा झूम असेल त्याला हे चालतं (एफचा आकडा जितका लहान तितकं भोक मोठं), पण कॅमेऱ्याबरोबर मिळालेला १८-५५ मिमीचा किट झूम ज्यांच्याकडे आहे, आणि नवीन शिकणाऱ्या बऱ्याच जणांकडे तोच असतो, त्यांचे निम्मे फोटो काळे येतात आणि खापर फुटतं फ्लॅशवर. म्हणून हे पत्र लिहितोय.

त्या लेन्सच्या तोंडावर १:३.५-५.६ असं छापलेलं असतं. म्हणजे १८ ला अॅपर्चर ३.५ पर्यंत उघडतं, पण झूम करत ५५ ला गेलात की तेच ५.६ वर येतं, तुम्ही काहीही न बदलता. प्रकाश थेट ४० टक्क्यांवर, सव्वा स्टॉपपेक्षा जास्त लॉस (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा)! आता फ्लॅश मॅन्युअलवर असेल तर तो बिचकत नाही की विचारत नाही, ठरवून दिलेला तेवढाच उजेड फेकतो, त्यामुळे ग्रुप फोटो मस्त आणि लगेच झूम करून काढलेला चेहरा अंधारात.

जुने ऑटो फ्लॅश असतात त्यांचंही तेच, कारण त्यांचा सेन्सर फ्लॅशवरच असतो, आपण डायलवर एफ ४ लावलं की तो एफ ४ च्या हिशोबानेच उजेड तोडणार, लेन्समधे काय चाललंय त्याला कळतच नाही. टीटीएलवाल्या (थ्रू द लेन्स) फ्लॅशला ही अडचण नाही, तो आधी छोटा फ्लॅश मारून लेन्समधूनच मोजतो. पण त्यालाही ताकदीची लिमिट आहेच.

ती लिमिट किती ते गाइड नंबरवरून, म्हणजे फ्लॅशच्या ताकदीच्या आकड्यावरून काढता येतं. आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाची संवेदनशीलता) १०० ला गाइड नंबर ३६ मीटर असेल तर भागिले अॅपर्चर, म्हणजे फ्लॅशची पोच, ३.५ ला जेमतेम १० मीटर आणि ५.६ ला साडेसहाच्याही आत. आणि खोक्यावरचा नंबर बऱ्याचदा फ्लॅशचं डोकं १०५ मिमीवर झूम केलेलं असतानाचा असतो, वाइडला तो बराच कमी भरतो, हे कंपन्यांनी खरंतर ठळक छापायला हवं. उजेड छतावर आपटवून बाउन्स केलात तर अजून घट.

उपाय मात्र अगदी सोपा आहे. कॅमेरा मॅन्युअल मोडवर टाका आणि अॅपर्चर सरळ ५.६ ठेवा, किंवा ८. मग १८ पासून ५५ पर्यंत कुठेही झूम करा, आकडा हलत नाही, फ्लॅशची सेटिंग एकदा जमली की माणूस तेवढ्याच अंतरावर असेपर्यंत परत हात लावायला नको. उजेड कमी पडला तर आयएसओ १०० चा ४०० करा, फ्लॅशची पोच दुप्पट होते, आणि आजकालच्या कॅमेऱ्यांत ४०० ला घाबरण्यासारखं काही राहिलेलं नाही. मागचं बॅकग्राउंड काळं येत असेल तर शटर स्लो करा, फक्त सिंक स्पीडच्या (फ्लॅशबरोबर चालणारा सर्वात वेगवान शटर) वर जाऊ नका.

तर विनंती एवढीच की यापुढे फ्लॅशची टिप छापताना ती कुठल्या लेन्ससाठी आहे आणि फ्लॅश मॅन्युअल, ऑटो की टीटीएल, हे एका ओळीत तरी द्या.

आपला,
एक नियमित वाचक