पाय कापलेले स्तंभ

मा. संपादक,
स.न.वि.वि.

जळगावच्या एका डाळ मिलमध्ये मी 31 वर्षे मुनीम आहे. आधी लाल चोपडी, मग टॅली, आणि गेल्या दिवाळीपासून छोट्या शेठनी घेतलेले नवे सॉफ्टवेअर. त्याचा डॅशबोर्ड उघडला की आकड्यांच्या रकान्यांऐवजी रंगीत स्तंभ उभे राहतात. खोटे कशाला बोलू, मलाही आवडले. चष्मा न लावता आवक-जावक कळते.

भानगड झाली ती उताऱ्यावरून. 100 किलो तुरीमागे डाळ किती निघाली, तो उतारा. आमचा जूनमध्ये 72.4 होता, जुलैत 71.1. साल सुटावी म्हणून तेलपाणी दिलेल्या तुरीला पावसाळ्यात वाळायला ऊन मिळत नाही, थोडे घटायचेच. पण पडद्यावर जूनचा स्तंभ जुलैच्या दुपटीहून उंच! बघतो तर मोजपट्टी शून्याऐवजी 70 पासून सुरू. म्हणजे एक स्तंभ 2.4 चा, दुसरा 1.1 चा. छोट्या शेठनी हे मोबाईलवर पाहिले आणि भर मिलमध्ये, हमालांसमोर मिस्त्रीला विचारले, ‘अर्धी डाळ गेली कुठे?’ मिस्त्री एक शब्द बोलला नाही. नंतर माझ्यापाशी येऊन म्हणाला, ‘मुनीमजी, तूर तीच, मशीन तेच, मी काय खाल्ली का?’

माझी पुतणी इथल्याच विद्यापीठात संख्याशास्त्र शिकते. तिने समजावले, ‘काका, रेघेच्या आलेखाचा पाया वर घेतला तर एकवेळ चालते, तिथे आपण चढउतार बघतो. स्तंभात डोळा उंचीच मोजतो, म्हणून पाया शून्यच पाहिजे.’ स्तंभालेख हा मुळात व्यापाराच्या हिशेबातूनच आला, हेही तिच्याकडूनच कळले. विल्यम प्लेफेअर नावाच्या गृहस्थाने 1786 मध्ये स्कॉटलंडची 17 देश-प्रदेशांशी असलेली आयात-निर्यात पट्ट्यांनी दाखवली. हाती एकाच वर्षाचे आकडे, मग रेघ ओढणार कशी? अडला म्हणून पट्ट्या काढल्या. आमच्या सॉफ्टवेअरवाल्यांचे तर काहीच अडले नव्हते.

महिन्यांची तऱ्हा वेगळीच. एप्रिलच्या शेजारी ऑगस्ट, मग डिसेंबर, मग फेब्रुवारी. इंग्रजी अक्षरांप्रमाणे लावलेले! आमचे आर्थिक वर्ष मार्चला संपते, यांचे सप्टेंबरला. साडेबारा लाखांच्या विक्रीवर ‘1.25 एम’ (एम म्हणजे मिलियन, दहा लाख) लिहून येते, आणि दलालांची लांब नावे स्तंभाखाली तिरपी टांगलेली, मान वाकडी करून वाचा. स्तंभ आडवे केले असते तर नावे सरळ बसली असती. फोन केला तर पलीकडचा मुलगा म्हणतो, ‘सर, ते डिफॉल्ट तसंच येतं.’

दाणा बाजारातले बरेच व्यापारी आता असली सॉफ्टवेअर घेऊ लागले आहेत, म्हणून हे पत्र. पैसे देण्याआधी आपल्याच मागच्या वर्षाचे आकडे त्यात भरून बघा, आणि त्या वेळी मुनिमाला शेजारी बसवा. (निवडणुकीच्या दिवसांत वर्तमानपत्रांतही असे पाय कापलेले स्तंभ पाहिल्याचे आठवते. राग मानू नये.)

बरीच खटपट करून आमच्या उताऱ्याची मोजपट्टी गेल्या आठवड्यात शून्यावर आली. आता जून आणि जुलै जवळजवळ सारख्याच उंचीचे दिसतात. छोट्या शेठनी ते पाहिले, ‘बरं झालं’ म्हणाले आणि दुसरे पान उघडले. मिस्त्रीला अजून कोणी काही म्हटलेले नाही.

– एक मुनीम, जळगाव