कणसाच्या पहिल्या घासाबद्दल, ताई तुम्हाला

प्रिय ताई,

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "अहो, खाल्लं ना त्याने, मग झालं" म्हणता आणि विषय बदलता. म्हणून लिहून काढतेय. आणि चारचौघांना वाचता येईल असं लिहितेय, कारण इथे परदेशात आपल्या बऱ्याच घरांत मुलांच्या हट्टापायी कॉर्न स्नेक, म्हणजे अमेरिकेतला एक बिनविषारी साप, येतो, आणि पिल्लू खाईनासं झालं की विचारायचं कोणाला हे माहीत नसतं. मला तरी कुठे माहीत होतं?

गेल्या सप्टेंबरच्या अखेरीस आम्ही ते पिल्लू इथल्या, अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनातल्या, रॉलीतून घरी आणलं. पेन्सिलीएवढं जाड, वितीहून जेमतेम लांब. पाठीवर तांबूस डाग, पोटावर काळ्या-पांढऱ्या चौकटी. या सापाच्या नावात मका कुठून आला याची दोन कारणं सांगतात. एक, पूर्वी तो मक्याच्या कोठारांत उंदरांच्या मागे यायचा. दुसरं, पोटावरची नक्षी रंगीत दाण्यांच्या कणसासारखी दिसते. लेकीने दुसरं कारण उचललं आणि नाव ठेवलं कणीस. विकणाऱ्याने "चांगलं खातं" एवढंच सांगितलं होतं. काय खाल्लं, किती वेळा, शेवटचं कधी, हे लिहून घ्यायला हवं होतं. तुम्ही नंतर सांगितलंत की ही यादी मागितल्याशिवाय पिल्लू घ्यायचंच नाही. घरी आल्यावर पाच आठवडे कणसाने तोंडही उघडलं नाही.

दिवाळीच्या कार्यक्रमात फराळाच्या रांगेत कुणीतरी, यांना सापांचं कळतं म्हणून, तुमच्याकडे बोट दाखवलं. मी घाईघाईने सगळं सांगितलं. तुम्ही ताटली खाली ठेवलीत आणि तीनच प्रश्न विचारलेत. वजन किती? डब्याखालच्या ऊब देणाऱ्या मॅटवर तापमान किती? दिवसातून किती वेळा बघता? पहिल्या दोन्हींना माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिसऱ्याला मी म्हटलं, सारखंच बघतो, रात्री उठूनसुद्धा. तुम्ही म्हणालात, "मग आधी ते थांबवू या."

त्या क्षणी मला थोडं लागलं होतं, ताई. जीव तुटत होता म्हणून तर बघत होतो. पण बोटाएवढ्या सापासाठी वरून वाकणारं प्रत्येक तोंड हे बगळ्याचं नाहीतर ससाण्याचंच असतं, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. आम्ही दिवसातून वीस वेळा त्याला भीती घालत होतो आणि वर म्हणत होतो, खा.

दुसऱ्या दिवशी तुम्ही डरॅमहून आलात. काचेला चिकटवलेला आमचा थर्मामीटर ७८ फॅरनहाइट दाखवत होता. तुम्ही तुमचं तापमापक यंत्र मॅटवरच्या तळाकडे रोखलंत, तर तिथे १०१! म्हणजे साधारण ३८ सेल्सियस. म्हणून बिचारं सतत गार कोपऱ्यात वेटोळं करून बसायचं. आम्हाला वाटायचं, त्याला तो कोपरा आवडतो. थंड पडलेल्या सापाला अन्न पचत नाही आणि भाजणाऱ्या जागेवर तो बसत नाही, म्हणजे उपास ठरलेलाच. तुम्ही तापमान आपोआप आवरणारा थर्मोस्टॅट जोडून उबदार बाजू ८५ फॅरनहाइटवर, म्हणजे २९ सेल्सियसच्या आसपास, आणून ठेवलीत. मोठी काचेची टाकी बाजूला गेली. त्या जागी बुटांच्या खोक्याएवढा झाकणाचा प्लास्टिकचा डबा, भोकं पाडलेला, तळाला टिश्यू, पाण्याची वाटी, आणि लपायला दोन्ही टोकांना पुठ्ठ्याच्या नळ्या. ऊब हवी की लपायला जागा हवी, असं त्याला निवडायला लागू नये म्हणून दोन. लेकीला वाटलं, आपण त्याचं घर काढून घेतलं. तुम्ही तिच्यासमोर मांडी घालून बसलात आणि समजावलंत की एवढ्याशा जिवाला मोठं घर म्हणजे उघडं रान. ते मोठं झालं की टाकी परत द्यायची. स्वयंपाकघरातला ग्रॅमचा काटा मागवून वजन केलंत. ६ ग्रॅम. वहीत तारीख टाकून लेकीकडून लिहून घेतलंत.

सासूबाईंचं तुम्ही जे केलंत त्याबद्दल तर मी कधी बोललेच नाही. त्यांचं माहेर बत्तीस शिराळ्याजवळचं. नागपंचमी म्हणजे त्यांच्यासाठी वर्षाचा मोठा सण. घरात साप आला याचं त्यांना वावडं नव्हतं, पण फ्रीझरमध्ये उंदरांची पिल्लं ठेवायची म्हटल्यावर त्या दोन दिवस नीट जेवल्या नाहीत. आणि पिल्लू उपाशी आहे हेही त्यांना बघवत नव्हतं. तुम्ही आलात तेव्हा त्यांच्या हातात दुधाची वाटी होती. तुम्ही हसला नाहीत. "आई, याला दूध पचत नाही. पंचमीला नाग दूध प्यायचे, ते आधी त्यांना तहानलेलं ठेवलं जायचं म्हणून. याची तहान पाण्याने भागते, ती वाटी तुम्हीच रोज बदला," असं म्हणालात. तेव्हापासून पाण्याची वाटी त्यांच्याकडे आहे. उंदरांसाठी तुम्ही वेगळा छोटा फ्रीझर आणून दिलात, गॅरेजमध्ये ठेवायला.

त्यानंतरचे तीन आठवडे मला कधी विसरता येणार नाहीत. सात दिवस डब्याला हात लावायचा नाही, झाकण उघडायचं ते फक्त पाण्यापुरतं. मग पहिला पिंकी, म्हणजे एक-दोन दिवसांचं, अंगावर केस न फुटलेलं उंदराचं पिल्लू. रात्रभर फ्रीजमध्ये विरघळवलेलं, मग पिशवीत घालून गरम पाण्यात ऊब आणलेलं. मायक्रोवेव्ह अजिबात नाही, हे तुम्ही तीनदा बजावलंत. कणीस आणि पिंकी दोघांना छोट्या भोकाच्या डबीत ठेवायचं, डबी परत उबदार बाजूला, दिवे बंद. सकाळी पिंकी तसाच. पाच दिवसांनी साध्या साबणाने धुऊन, खळखळून स्वच्छ केलेला पिंकी. तसाच. आणखी पाच दिवसांनी डोक्याला छेद देऊन आतला वास मोकळा केलेला. तो छेद मला द्यायचा होता आणि माझा हात थरथरत होता. तुम्ही फोनवर होतात, बोलत राहिलात. तोही तसाच.

त्या सकाळी मी तुम्हाला म्हटलं, आता तोंड उघडून भरवू या. तुम्ही विचारलंत, काटा काय म्हणतो? ५.७. "सहावरून पाच सात. म्हणजे ते तग धरून आहे. बळजबरीने भरवणं हा शेवटचा उपाय, आणि त्याने पिल्लू खाणं शिकत नाही, घाबरायला शिकतं. अजून एक वास बाकी आहे."

तो वास सरड्याचा. रानातली कॉर्न स्नेकची पिल्लं सुरुवातीला उंदीर फारसे खातच नाहीत, छोटे सरडे आणि झाडावरचे बेडूक खातात. काही पिल्लांच्या डोक्यात तेच अन्न म्हणून पक्कं बसलेलं असतं. आमच्या कुंपणावर एनोल नावाचे छोटे हिरवे सरडे उन्हं खात बसतात, मी म्हटलं एक पकडते. तुम्ही नाही म्हणालात. रानातल्या सरड्यात कृमी असतात, आणि त्यालाही त्याचं आयुष्य आहे. तुमच्याकडे दोन वर्षं राहून मेलेला एक एनोल तुम्ही गोठवून ठेवला होता, तो घेऊन तुम्ही थँक्सगिव्हिंगच्या आदल्या रात्री, घरी पाहुणे असताना, अर्धा तास गाडी चालवत आलात. ओल्या पिंकीवर तो एनोल नाकापासून शेपटीपर्यंत चोळलात. डबी बंद केलीत. आम्हाला सगळ्यांना बाहेर काढलंत आणि स्वतःही थांबला नाहीत.

सकाळी डबी रिकामी होती. कणसाच्या पोटात मधोमध एक गाठ. लेक ओरडली नाही, तिने आधी वहीत लिहिलं. सासूबाईंनी देवाजवळ साखर ठेवली. मी तुम्हाला फोन लावला आणि बोलता आलं नाही, तर तुम्ही म्हणालात, "कळलं मला. आता ४८ तास हात नाही लावायचा."

तिसऱ्या जेवणानंतर मात्र आमच्याकडून चूक झाली. घरी मुलं जमली होती, दुसऱ्याच दिवशी कणीस हातोहात फिरलं आणि संध्याकाळी त्याने सगळं उलटून टाकलं. तुम्हाला सांगायची मला भीती वाटत होती. तुम्ही एका शब्दाने लेकीला दुखावलं नाहीत. बारा दिवस काही द्यायचं नाही, पाणी ताजं ठेवायचं, मग अर्धाच पिंकी, कारण उलटीनंतर पोटातले पाचक रस परत तयार व्हायला वेळ लागतो. एवढंच सांगितलंत, आणि बाराव्या दिवशी आठवणीने फोन केलात. पुढे दर वेळी सरड्याचा वास थोडा कमी करत गेलो. आधी फक्त डोक्याला, मग नाकाला, आणि फेब्रुवारीत एका रात्री नुसता पिंकी गेला.

तुम्ही एक गोष्ट आवर्जून लिहायला सांगितली होती, ती इथे लिहिते. महाराष्ट्रात हे वाचणाऱ्यांनी धामण, कवड्या, नानेटी असला कुठलाही आपल्याकडचा साप पकडून पाळायला जाऊ नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे. साप घरात आला तर सर्पमित्राला बोलवा.

काल कणीस ३८ ग्रॅम भरलं. आता केस फुटलेली पिल्लं खातं, चिमट्यावरून, आमच्यासमोर. यंदा त्याच्या जेवणाचा दिवस नेमका नागपंचमीला आला. त्या दिवशी घरात काही चिरायचं-कापायचं नाही म्हणून सासूबाईंनी जेवण एक दिवस पुढे ढकलायला लावलं, आणि आम्हाला पुरणाची दिंडं वाढली. तुमच्यासाठी चार ठेवली आहेत.

आणि एक विचारायचं होतं. लेकीच्या वर्गातल्या एका मुलीकडचं पिल्लू महिनाभर खात नाहीये. मी तिच्या आईला तेच तीन प्रश्न विचारले, आणि तुमची भोकाची डबी व थर्मोस्टॅट देऊन आले. मॅटवर ९६ निघालं, ते कमी केलंय. वजन ७ ग्रॅम. सरड्यापर्यंत वेळ आली तर तुमचा नंबर देऊ का? ती कामावरून उशिरा येते, फोन रात्री दहानंतर येईल.

तुमची,
कणसाच्या घरची आई